खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली, पुढे काय? खटला उभा राहीपर्यंतचे नेहमीचे प्रश्न

खुनाच्या गुन्ह्यात घरातला माणूस उचलला गेला की मुंबईत दोन फोन हमखास होतात. एक ओळखीच्या नगरसेवकाला, दुसरा 'मोठा वकील कोण' हे विचारायला. पहिल्या आठवड्यात या दोघांपेक्षा कागद आणि तारखा जास्त कामाला येतात, म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत त्यांचाच विषय निघेल. इथली माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या केसचे कागद वकिलाला दाखवावेच लागतात.

"तासाभरात सोडतो" म्हणून घेऊन गेले, सकाळ झाली तरी सोडलं नाही. ही अटक आहे का?

कागदावर नसली तरी कायद्याच्या नजरेत असू शकते. माणसाला उठून घरी जाता येत नाही, तिथून अटक सुरू होते असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच म्हटलं आहे. पोलिसांच्या अटकेच्या कागदावर मात्र बऱ्याचदा उशिराची वेळ पडते. म्हणून घरातून किती वाजता नेलं, कोणत्या ठाण्याचे लोक होते, कोणती गाडी होती, हे त्याच रात्री लिहून ठेवा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीकडून मागून घ्या. जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि नंतर कितीही अर्ज केले तरी परत येत नाही.

अटक झाली की अटकेचा मेमो करावा लागतो. त्यावर तारीख, वेळ, घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे नियम घालून दिले आणि आता ते कायद्यातच आले आहेत. अटक कुठे झाली आणि कुठे ठेवलं आहे हे घरच्यांना कळवणंही बंधनकारक आहे. मुंबईत सगळ्याच ठाण्यांना स्वतःचं लॉकअप नाही. तेव्हा 'ठाण्यात आहे का' एवढंच विचारून परत येऊ नका, 'रात्री कोणत्या लॉकअपला ठेवणार' हेही विचारा. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

अटकेचं कारण तोंडी सांगितलं तर चालतं का?

नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी द्यायची आणि तीही त्या माणसाला समजेल अशा भाषेत. जागच्या जागी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी (म्हणजे कोठडीचा आदेश घ्यायला कोर्टात) हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. हा निकाल मुंबईतल्याच, वरळीच्या गाडी अपघाताच्या प्रकरणातून आला, त्यामुळे इथल्या ठाण्यांना तो चांगला ठाऊक आहे. पण या मुद्द्यावर सुटका झाली म्हणजे गुन्हा मिटला असं समजू नका. पोलीस रीतसर कारणं देऊन पुन्हा ताबा मागू शकतात.

कोणतं कलम लागतं, ३०२ की १०३?

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं ३०२, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. शिक्षा तीच: फाशी किंवा जन्मठेप आणि दंड. बोलताना पोलीसही अजून 'तीनशे दोनचा आरोपी' म्हणतात.

कलम बदलू शकतं, याकडे मात्र लक्ष ठेवा. भांडणात जखमी झालेला माणूस केईएम किंवा सायन रुग्णालयात चार दिवसांनी वारला तर खुनाच्या प्रयत्नाच्या १०९ चं १०३ होतं. उलट तपासात हेतू दिसला नाही तर सदोष मनुष्यवधाचं १०५ लागू शकतं. कोणतं कलम टिकतं यावर जामिनाची सगळी लढाई फिरते.

कोर्टात कधी आणि कुठे हजर करतात?

चोवीस तासांच्या आत. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत, पण मुंबईत त्या सबबीला फारसा अर्थ नाही. ठाण्याच्या हद्दीप्रमाणे किल्ला कोर्ट, गिरगाव, भोईवाडा, वांद्रे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, विक्रोळी, मुलुंड यांपैकी एक. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हॉलिडे कोर्ट बसतं, तेव्हा 'उद्या रविवार आहे, सोमवारी आणतो' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. नव्या कायद्यात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, 'महानगर दंडाधिकारी' हे पद उरलेलं नाही. लोक अजून 'मेट्रोपॉलिटन'च म्हणतात, त्याने काही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी न्यायदंडाधिकारी एक ठरलेला प्रश्न विचारतात: "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे तेच पोलीस उभे असतात, रात्री त्यांच्याच बरोबर परत जायचं असतं, आणि दहातले बहुतेक जण 'नाही' म्हणून मोकळे होतात. मारहाण झाली असेल तर सांगायची जागा हीच आहे. तक्रार नोंदवून घ्या, वैद्यकीय तपासणी मागा, तसा उल्लेख रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) झाला का ते वकिलाला बघायला सांगा. सहा महिन्यांनी सांगितलेल्या माराला कोर्टात फारसं वजन राहत नाही.

पीसी आणि जेसी म्हणजे काय?

पीसी म्हणजे पोलीस कोठडी: माणूस लॉकअपमध्ये, तपास अधिकाऱ्याच्या हाताखाली. जेसी म्हणजे न्यायालयीन कोठडी: माणूस तुरुंगात, पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय चौकशी करता येत नाही. पीसी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. पूर्वी हे १५ दिवस पहिल्या पंधरवड्यातच वापरावे लागत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नंतर खुनासारख्या गुन्ह्यात ते पहिल्या ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. म्हणजे आठ दिवसांनी माणूस आर्थर रोड तुरुंगात गेला म्हणून निर्धास्त होऊ नका, उरलेल्या सात दिवसांसाठी पोलीस त्याला पुन्हा मागू शकतात. ही तरतूद मला स्वतःला पटत नाही. डोक्यावर टांगती तलवार ठेवून माणसाला दोन महिने काढायला लावणं म्हणजे तपास नव्हे. पण कायदा सध्या असा आहे.

प्रत्येक रिमांडला पोलिसांनी कारण द्यावं लागतं: हत्यार जप्त करायचं आहे, साथीदार फरार आहे, कपडे मिळायचे आहेत. रिमांड अर्जाची प्रत दरवेळी घ्या. तिसऱ्या अर्जातही पहिल्याचीच कारणं असली तर वकिलाला बोलायला मुद्दा मिळतो.

वकील केव्हापासून? पैसे नसतील तर?

अटकेच्या क्षणापासून. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. १५१०० वर फोन करा किंवा ज्या कोर्टात हजर करणार तिथल्या विधी सेवा कार्यालयात जा. पहिल्यांदा हजर केल्यावर वकिलाबद्दल विचारणं आणि नसेल तर देणं हे न्यायदंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं, तेही कसाबच्या अपिलात. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातल्या आरोपीसाठी जो हक्क सांगितला तो कुर्ल्याच्या किंवा काळाचौकीच्या पोराला नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

"त्याने सगळं कबूल केलं" असं पेपरात आलंय. आता काही उरलं का?

भरपूर उरलं. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तसं लिहिलं आहे, जुन्या कायद्यात तेच २५ आणि २६ होतं. अपवाद महत्त्वाचा आहे आणि खुनाच्या निम्म्या केसेस त्यावर उभ्या असतात: आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढंच बोलणं पुराव्यात येतं. 'चाकू मिठी नदीच्या काठी पुरलाय, दाखवतो' असं म्हटलं, दोन पंच (जप्ती बघणारे त्रयस्थ साक्षीदार) बरोबर गेले आणि चाकू निघाला, तर निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा असे दोन कागद तयार होतात. 'मी त्याला मारलं' हा भाग तरीही गळतो.

म्हणून पंच कोण, कुठून आले, कितीदा पंच झाले आहेत, वस्तू खरंच लपवलेल्या जागी होती की सगळ्यांना दिसेल अशी पडली होती, यावर उलटतपासणी तासन् तास चालते. आता झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. बचावाला ते फुटेज कधीकधी पंचनाम्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३) चालतो, पण तो स्वेच्छेने हवा आणि आधी इशारा द्यावा लागतो. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लागला असेल तर पोलीस उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुलीही पुराव्यात येते, शिवाय आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. टोळीचा संबंध दाखवला जात असेल तर पहिल्या दिवसापासून हे डोक्यात ठेवा.

वाहिन्यांबद्दल एकच. तपासातली कथित कबुली प्रसिद्ध करू नये, गुन्हा कसा घडला याचं नाट्यरूपांतर दाखवू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बजावलं आहे. पाळतात किती, ते रोज संध्याकाळी दिसतंच.

ओळख परेडला जाताना चेहऱ्यावर काळा कपडा का घालतात?

साक्षीदाराने आधी चेहरा बघितला तर परेडला किंमत राहत नाही. तुरुंगात, पोलीस बाहेर ठेवून, सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत आरोपीला उभं करतात. त्याआधी फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला असेल, पेपरात आला असेल, तर ती कात्रणं तारखेसकट जपून ठेवा.

नार्को टेस्टला 'नाही' म्हणता येतं का?

येतं. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग, तिन्हींना संमती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ठरवलं. रक्त, केस, बोटांचे ठसे, डीएनए यांचे नमुने मात्र घेता येतात. ते कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि 'सीए रिपोर्ट' (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) यायला बराच वेळ लागतो. आरोपपत्रात 'अहवाल प्रलंबित' ही ओळ बघून घाबरू नका, आनंदही मानू नका.

खुनात जामीन मिळतच नाही ना?

मिळतो, पण सहज नाही आणि बहुधा खालच्या कोर्टात नाही. न्यायदंडाधिकारी खुनात सहसा जामीन देत नाहीत (स्त्री, लहान वयाचा, आजारी आरोपी यांना कायद्यात थोडी सवलत आहे). अर्ज सत्र न्यायालयात जातो: शहराचा फोर्टला, उपनगरांतल्या बऱ्याच ठाण्यांचा दिंडोशीला. तिथे फेटाळला की उच्च न्यायालय. प्रत्यक्षदर्शी आहे का, आरोपीची नेमकी भूमिका काय, हत्यार कुणाच्या हातात होतं, आधीचे गुन्हे आहेत का, यावर निर्णय फिरतो. आरोपपत्र आल्यानंतर केलेल्या अर्जाला जास्त पाया मिळतो, कारण तोवर पोलिसांकडे नेमकं काय आहे हेच कळत नाही.

'अर्धी शिक्षा भोगली की जामीन' हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा तो नियम ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे त्याला लागूच नाही. मात्र खटला वर्षानुवर्षं लांबला तर जगण्याच्या हक्काच्या आधारावर वरची न्यायालयं जामीन देतात. शीना बोरा खून खटल्यात २०१५ मध्ये अटक झालेल्या मुख्य आरोपीला साडेसहा वर्षं भायखळ्याच्या तुरुंगात काढल्यावर, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तो खटला लवकर संपण्याची चिन्हं नाहीत म्हणून.

नव्वद दिवसांचं काय असतं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. खुनात पोलिसांनी ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, गुन्हा कितीही भयंकर असो. याला सगळे 'डिफॉल्ट बेल' म्हणतात. दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजतात, आणि तो दिवस धरून. पहिली रिमांड १ जानेवारी २०२६ ला झाली असेल तर ३१ मार्च हा नव्वदावा दिवस. त्या दिवसापर्यंत आरोपपत्र आलं नाही, तर १ एप्रिलला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज गेला पाहिजे.

सकाळीच का? कारण हक्क आपोआप वापरला जात नाही. तुम्ही दुपारी चारला अर्ज घेऊन गेलात आणि साडेतीनला आरोपपत्र दाखल झालं असेल, तर हक्क गेला. अर्ज आधी आणि आरोपपत्र नंतर, असं झालं तर हक्क टिकतो, फक्त जामीनदार द्यायची तयारी हवी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाकी मुदती वाढल्या, ही वाढली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितलं. वकिलावर विश्वास असू द्या, पण ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर स्वतःही लिहा.

जामीन झाला, तरी माणूस घरी का आला नाही?

जामीनदाराची कागदपत्रं तपासली जातात, मग सुटकेचा आदेश तुरुंगात जातो. आर्थर रोडबाहेर अशा आदेशांसाठी पेटी आहे आणि ती ठरलेल्या वेळी उघडतात. ती वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात तो 'हवा' असेल तरही सुटका अडते.

आर्थर रोडला भेट, पैसे, कपडे कसं करायचं?

पुरुष बहुधा आर्थर रोडला, तिथे जागा नसली की तळोजा, ठाणे किंवा कल्याणला. बायका भायखळ्याला. आर्थर रोड कायम क्षमतेच्या कितीतरी पट भरलेला असतो, बरॅकमध्ये झोपायला जागा मिळणं हाच मोठा प्रश्न. भेटीसाठी ओळखपत्र आणि नोंदणी लागते, वकिलाची भेट वेगळी. पैसे मनीऑर्डरने पाठवले की कँटीनच्या खात्यावर जमा होतात, रोख आत चालत नाही. कच्च्या कैद्याला (ज्याचा निकाल अजून लागलेला नाही) स्वतःचे कपडे घालता येतात. औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्याच रिमांडला कोर्टात द्या आणि आदेश घ्या. 'आत गेल्यावर बघतील' यावर राहू नका.

आई-वडील वारले तर 'पॅरोल' मागायला लोक तुरुंगाच्या दारात जातात. पॅरोल शिक्षा झालेल्यांसाठी. कच्च्या कैद्याने खटल्याच्या कोर्टात तात्पुरत्या जामिनाचा किंवा पोलीस बंदोबस्तात जाण्याचा अर्ज करायचा.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्यालाही लॉकअप?

नाही. लॉकअप नाही, तुरुंगही नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं, ठेवायची वेळ आली तर डोंगरीसारख्या निरीक्षणगृहात. शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला लगेच घेऊन जा. १६ ते १८ वयाच्या मुलावर खुनाचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि प्रौढांप्रमाणे खटला चालवायचा का हे ठरतं. तसा चालला तरी फाशी देता येत नाही.

आमच्या घरचा माणूस मेला आहे. आम्हाला कुणी काही सांगत नाही.

फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. जामिनाला विरोध करण्यासाठी तुमचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट केलं. स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलाला मदत करता येते. त्यासाठी सुनावणीची तारीख माहीत हवी, आणि ती सांगायला कुणी घरी येत नाही. ईकोर्ट्सच्या अॅपवर केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाकला की पुढची तारीख दिसते. आरोपीच्या घरच्यांनाही हेच लागू.

माफीचा साक्षीदार कोण होतो? गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी होते का?

कटातल्या एखाद्याला, सगळं खरं सांगण्याच्या अटीवर, कोर्ट माफी देऊ शकतं. शीना बोरा खटल्यात चालक तसा साक्षीदार झाला. खरं सांगितलं नाही तर माफी जाते आणि खटला अंगावर येतो. 'कबूल करून कमी शिक्षा घेऊ' हा सौदा सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नाही, त्यामुळे खुनात नाहीच.

आरोपपत्र आलं. खटला सुरू झाला का?

अजून नाही. आधी न्यायदंडाधिकारी आरोपीला सगळ्या कागदांच्या प्रती मोफत देतात. प्रत्येक पान मोजून घ्या. अस्पष्ट झेरॉक्स, अर्धवट पंचनामा, पेनड्राइव्हमधल्या न उघडणाऱ्या फाइल्स, हे सगळं तेव्हाच लेखी कळवा. मग केस सत्र न्यायालयाकडे 'कमिट' होते. नव्या कायद्याने यासाठी ९० दिवस, कारण देऊन १८० दिवसांपर्यंत मुदत घातली आहे. पुढे पुरवणी आरोपपत्रही येऊ शकतं.

सत्र न्यायालयात आरोपी दोषमुक्तीचा अर्ज करू शकतो, कमिट झाल्यापासून ६० दिवसांत. कागद खरे धरले तरी केस उभी राहत नाही, एवढंच तिथे दाखवायचं असतं. पूर्ण पुराव्याची चिरफाड तेव्हा होत नाही आणि बरेच अर्ज त्यामुळेच फेटाळले जातात. दरम्यान तारखा पडत राहतात. कैदी पार्टी (तुरुंगातून कोर्टात आणणारे पोलीस) नाही म्हणून आरोपीला आणलं नाही, व्हिडिओवर दाखवला पण आवाज आला नाही, असंही होतं.

मग आरोपनिश्चिती. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात, समजेल त्या भाषेत, आणि विचारतात: "आरोप कबूल आहे का?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "नाही." समोर ज्यूरी, म्हणजे कौल देणारे सामान्य नागरिक, नसतात. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी दिलेला 'निर्दोष' हा कौल सत्र न्यायाधीशांनी न मानता उच्च न्यायालयाकडे धाडला होता. आता निकाल न्यायाधीशच देतात. 'नाही' हे उत्तर नोंदवलं जातं, सरकारी वकील साक्षीदारांची यादी देतात, पहिल्या साक्षीदाराला समन्स निघतं. तो बहुधा फिर्यादी असतो, नाहीतर एखादा पंच.